मग राग गेला का?

विपश्यनेच्या, म्हणजे दहा दिवस मौन राखून करायच्या ध्यानाच्या, शिबिराला जाऊन आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. ऑफिसात फाईल सापडेना म्हणून माझा आवाज जरा चढला की पलीकडच्या टेबलावरून हमखास येतं, "मॅडम, तुम्ही ते दहा दिवसांचं केलंत ना? मग चिडताय काय?" विचारणाऱ्याला तरी काय बोलणार? साधना करणारं माणूस म्हणजे मंद हसणारं, हळू बोलणारं, कशानेच न हलणारं, असं चित्र आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरांनी पक्कं करून ठेवलंय. माझा राग कुठे गेला नाही. तो कुठे राहतो, तेवढा पत्ता मात्र त्या दहा दिवसांत सापडला. आणि ज्याची मला काडीची काळजी नव्हती, त्या आनंदानेच जास्त घाम काढला.

आधी रागाचं सांगते, कारण मी गेले ती त्याच्यामुळे.

माझं माहेर गिरगावातलं. चाळीतली दोन खोल्यांची जागा, पागडीची, म्हणजे ठोक रक्कम देऊन कायमची भाड्याने घेतलेली, भाडेपावती वडिलांच्या, आमच्या नानांच्या, नावावर. नानांना डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी बोरिवलीत होते आणि धाकटा भाऊ तिथेच, त्यांच्यापाशी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका खेपेला चार तास. भावाची नोकरी शिफ्टची, वहिनीचं मूल लहान. त्यामुळे नानांना टॅक्सीत घालून नेणं, सुई टोचताना त्यांचा दुसरा हात धरून बसणं, परत आणून वरणभात भरवणं बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. रजा संपल्या तशा बिनपगारी घेतल्या. त्या वेळी याचं काहीच वाटलं नाही. नाना गेल्यावर वाटायला लागलं.

चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी होती, ती पुनर्विकासात गेली. पावती भावाच्या नावावर झाली, म्हणजे टॉवरमधला ब्लॉकही त्याच्याच नावावर होणार. मला कोणी विचारलं नाही. मी एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी चहा संपायच्या आत निकाल दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर त्या जागेत राहत असलेल्या कुटुंबीयाचा हक्क आधी. इतर वारसांचा नंबर लागतो तो तसं कोणी राहत नसेल तर. "तुम्ही लग्न होऊन बोरिवलीला, आणि तो तिथे राहत होता. भांडून काय मिळणार तुम्हाला?" म्हणजे भावाने लबाडीसुद्धा केली नव्हती. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. ज्या रागाला कोर्टाची पायरी चढायचीही सोय नाही, त्याने जायचं कुठे?

त्या काळात उपदेश भरपूर मिळाला. सोडून दे. तुझं काय अडलंय? नानांना वर त्रास होईल. एका सत्संगाला मी अधूनमधून जायचे, तिथल्या बाई म्हणाल्या, "क्षमा कर, मोकळी होशील." मी मान डोलवायचे, आणि संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये दाराजवळच्या गर्दीत उभी राहून बोरिवली येईपर्यंत भावाशी मनातल्या मनात भांडायचे. देवाधर्माच्या गोष्टींखाली जुनी दुखणी झाकायच्या या सवयीला जॉन वेलवूड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली 'स्पिरिच्युअल बायपासिंग' असं नाव दिलं. माणसं खड्डा न बुजवता वरून पूल बांधतात, असा त्याचा रोख. आपल्याकडे तर या पुलांचं कंत्राट घ्यायला प्रत्येक घरात एक तरी मावशी तयार असते.

शिबिराचा अर्ज भरला तो ऑफिसातल्या एका वरिष्ठ बाईंच्या सांगण्यावरून. अर्जात मानसिक आजार आहे का, कुठली औषधं चालू आहेत का, हे स्पष्ट विचारतात. ते खरं भरावं. माझ्या एका मैत्रिणीला डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या आणि 'गोळ्या सोड, दहा दिवस बस, सगळं जाईल' असं सांगणारे तिला चिक्कार भेटले. तिने आधी डॉक्टरांना विचारलं, गोळ्या सोडल्या नाहीत, शिबिर पुढे ढकललं. शहाणी बाई.

घरात खरी अडचण झाली ती आईची. चाळ रिकामी केली तेव्हा भाऊ भाड्याच्या जागेत गेला आणि आई माझ्याकडे आली. ती माळकरी. शिबिरात जप, पूजा, उदबत्ती, उपास, काही करायचं नाही, हा नियम तिला वाचून दाखवल्यावर तिचा चेहराच पडला. "दहा दिवस विठ्ठलाचं नावसुद्धा घ्यायचं नाही? मग बसून करायचं काय?" मी म्हटलं, श्वास बघायचा. "तो काय, चालूच असतो की," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

गोराई जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली की ग्लोबल विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट समोर येतो. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. म्यानमारमधल्या यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर बांधलेला हा पॅगोडा फेब्रुवारी २००९ मध्ये खुला झाला. शिबिराचं केंद्र, धम्मपत्तन, याच आवारात आहे. ही विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंकाजी म्यानमारमधून १९६९ साली भारतात आले आणि त्यांचं इथलं पहिलं शिबिर मुंबईतच झालं. पैसे घेत नाहीत. राहणं, जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानावर चालतं आणि तुम्हाला दान द्यायचं असेल तर तेही शिबिर पूर्ण केल्यावरच. मोबाईल जमा केला, आर्यमौन सुरू झालं. दहाव्या दिवसापर्यंत बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, नजरानजरसुद्धा टाळायची. शंका असेल तर फक्त सहायक आचार्यांशी बोलायचं.

पहाटे चारला घंटा. साडेचारला ध्यान. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ. जुन्या साधकांना नुसतं लिंबूपाणी. रात्री साडेनऊला दिवे बंद. पहिले तीन दिवस आनापान: नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, एवढ्याशा जागेत श्वासाचा स्पर्श जाणवतो का ते बघत बसायचं. त्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाठ दुखते, झोप येते, घरची आठवण येते आणि आपलं मन किती टुकार विषयांवर तासन् तास चालू शकतं ते कळतं. माझं तर एक अख्खं सत्र शेजारणीने न परत केलेल्या कुकरच्या शिट्टीवर गेलं.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत शरीराचा एकेक भाग मनाने तपासायचा, तिथे जी संवेदना असेल ती बघायची, तिच्यावर प्रतिक्रिया करायची नाही. आणि तेव्हापासून दिवसातल्या तीन सामूहिक बैठकांत अधिष्ठान: तासभर हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

अशाच एका तासात भाऊ आला. पावती हातात घेऊन आला. माझी नेहमीची वाक्यं सुरू झाली: "नानांचा डायपर बदलताना कुठे होतास?" वगैरे. ही वाक्यं मला पाठ होती, त्यांचा क्रमसुद्धा ठरलेला होता. पण सूचना अशी की गोष्टीच्या मागे जायचं नाही, अंगावर काय चाललंय ते बघायचं. बघितलं. उजवीकडचा जबडा. दाढा एकमेकींवर इतक्या दाबलेल्या की कानाजवळची शीर उडत होती. कानाची पाळी तापलेली. जीभ टाळूला चिकटलेली, कोरडी. खाली छातीत, पोटात काहीच नाही. इतके दिवस मला वाटायचं की रागाने माझं सर्वांग जळतंय. प्रत्यक्षात त्याने जागा घेतली होती ती कानापासून हनुवटीपर्यंत, एका बाजूला, चार बोटांची. मी तिथेच मन ठेवून राहिले. कधीतरी दाढा आपोआप सुटल्या आणि पाळी गार झाली. भाऊ काही बदलला नव्हता, पावतीही त्याच्याच हातात होती.

अन्याय खोटा ठरला, असं यातलं काही नव्हतं. ही गल्लत फार जण करतात. संवेदना गेली म्हणजे तक्रार निकाली निघाली, असं होत नाही. तक्रार तिच्या जागी राहते. फक्त तिच्याबद्दल बोलायचं तर दात आवळायची गरज उरत नाही. राग पुढच्या बैठकीत परत आला, संध्याकाळी परत आला. पण आता मला तो येताना दिसायचा, कारण कुठल्या दाराने येतो ते माहीत झालं होतं.

रडूही आलं, ते मात्र नानांसाठी. शेजारच्या रांगेतली एक मुलगीही त्या वेळी हुंदके देत होती. एरवी चार बायका धावतात, पाणी देतात, पाठीवरून हात फिरवतात, "पुरे आता" म्हणतात. इथे कोणी हललं नाही. सुरुवातीला हे क्रूर वाटलं. पण पुरे म्हणणारं कोणी नसल्यामुळे मी नानांसाठी पहिल्यांदाच शेवटपर्यंत रडले. बारा-तेरा दिवसांत, आल्यागेल्याच्या चहापाण्यात, ते राहूनच गेलं होतं.

आता आनंदाचं.

शिबिराच्या उत्तरार्धात एका दुपारी सगळं दुखणं एकाएकी विरलं. डोक्यापासून तळपायापर्यंत कुठेही मन नेलं तरी नुसती बारीक झिणझिण, पहिल्या पावसात गच्चीत उभं राहावं तशी. गुडघे आहेत की नाहीत तेही कळेना. प्रवचनात याला धाराप्रवाह म्हणतात. त्या सुखात भाऊ आठवला आणि मी त्याला माफ करून टाकलं. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. वाटलं, झालं, आलो त्या कामाचं सार्थक झालं. ब्लॉक घे बाबा, सुखी राहा.

पुढच्या बैठकीला गुडघे दगड झाले. धारा नाही, प्रवाह नाही. मी अख्खा तास ती झिणझिण शोधत होते आणि तास संपता संपता लक्षात आलं, माफीसुद्धा दिसत नाहीये. जबडा पुन्हा जागेवर. संध्याकाळच्या प्रवचनात नेमकं तेच: सुखद संवेदना ही दुःखद संवेदनेइतकीच येणारी-जाणारी, दुःखद नको असं म्हणून जसा द्वेष वाढवतो, तशी सुखद हवी असं म्हणून आसक्ती वाढवतो, आणि दुसरा फास पहिल्यापेक्षा सूक्ष्म. मी मनातून खट्टू झाले. राग, मत्सर यांच्यावर नजर ठेवा हे आपल्याला शाळेपासून सांगतात. आनंदावरही ठेवा, असं कोणी म्हटलं की तो माणूस रूक्ष वाटतो. मलाही वाटला.

पण नंतर याचा जितका अनुभव घेतला तितकं पटत गेलं. राग आला की शरीर ओरडून सांगतं. आनंद गुपचूप येतो, पहारा उठवतो आणि आपल्याकडून वाटेल ती वचनं घेतो. मोठ्या सुखाच्या भरात दिलेली माफी, कीर्तनातून आल्या आल्या केलेले संकल्प, शिबिरातून परतताना बोटीत ठरवलेलं नवं आयुष्य, हे सगळं त्याच खात्यातलं. उजेडाने अंधार धुवून काढता येतो, हे मी तेव्हापासून मानत नाही. दोघांना आपापल्या जागी बसू द्यावं आणि आपण मधे बसावं, मला जमलेला तोल एवढाच आहे. आनंद कमी करायचा, असा याचा अर्थ नाही. जाताना त्याचा पदर धरायचा नाही.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात. सर्वांचं मंगल होवो, ही भावना अंगभर भरून बाहेर सोडायची. भावापाशी आल्यावर माझं घोडं अडलं. दुपारच्या भेटीच्या वेळेत सहायक आचार्यांना विचारलं. मला वाटलं होतं, आता क्षमेवर एक व्याख्यान होणार. त्यांनी दोन वाक्यांत मिटवलं: मन आणि शरीर अस्वस्थ असताना मैत्री करू नका, तेव्हा संवेदनाच बघा, शांत झाल्यावर जेवढी येईल तेवढी द्या. इतका मोठा दिलासा मला त्या वर्षात कोणी दिला नव्हता. मी भावाला वगळलं आणि त्याच्या मुलाला मैत्री दिली. ती सहज गेली.

त्या दिवशी मौन सुटलं आणि इतके दिवस खाली मान घालून चालणाऱ्या बायकांनी जो गलका केला, त्यापुढे दादर स्टेशन शांत.

घरी आल्यावर काही आठवडे मी हवेतच होते. चेहऱ्यावर तेज आलंय, असं दोघी-तिघींनी सांगितलं आणि ते मला हवं त्यापेक्षा जास्त आवडलं. आई बघत होती. एका संध्याकाळी वाती वळता वळता म्हणाली, "तुझा भाऊ फोन करतो तेव्हा तू फार गोड बोलतेस हल्ली. पूर्वी ओरडायचीस ते बरं होतं, कळायचं तरी."

आईची रीत अगदीच वेगळी. नाना गेल्यानंतरच्या आषाढीला ती वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात तासन् तास रांगेत उभी राहिली आणि पायाशी पोचल्यावर नमस्कार करायच्या ऐवजी त्याला सुनावून आली. मागचे लोक ढकलत होते तरी हिचं संपेना. तिच्या भजनी मंडळात जनाबाईचे ते शिव्यांचे अभंगही म्हणतात, ज्यांत ती विठ्ठलाला 'अरे विठ्या' म्हणून फाडून खाते, आणि म्हणताना या सत्तरीच्या बायका टाळ अशा काही आपटतात की त्यात कोणाचे नवरे, कोणाच्या सुना, सगळे येऊन जातात. मग त्याच बैठकीत पुढचा अभंग लोण्यासारखा मऊ. मी एकदा तिला म्हटलं, इतकं सगळं करूनही मला राग येतो, म्हणजे माझं काही खरं नाही. ती म्हणाली, "माउलींनी नव्हती का ताटी लावून घेतली? लोकांनी बोल लावले म्हणून आत जाऊन बसले. त्यांना कोणी म्हटलं का, तुम्ही कसले योगी? मुक्ताई दाराशी आली, उघडा म्हणाली. बस." जरा थांबून पुढे म्हणाली, "तुमच्यात मुक्ताई कोण होणार, ते तुम्ही बघा. मी म्हातारी झाले."

दोन्ही वाटा मी एकमेकींत कालवत नाही. सकाळचा तास विपश्यनेचा, त्यात नाम नाही. संध्याकाळी आईबरोबर हरिपाठ, त्यात संवेदना बघणं नाही. टाळी वाजवायची आणि मोठ्याने म्हणायचं. सकाळी राग नुसता बघते, संध्याकाळी तो सांगून टाकते. शिबिरातल्या जाणत्या मंडळींना हे दोन होड्यांवर पाय वाटेल. असेल. माझं घर तसंच आहे.

टॉवर पुरा व्हायला वर्षं गेली. वास्तुशांतीला भाऊ स्वतः बोलवायला आला, नारळ घेऊन. मी आईला घेऊन गेले. लिफ्टपासूनच जबडा कळवत होता. दारात तोरण, आत होमाचा धूर, आणि हॉलच्या खिडकीतून चौपाटीच्या पाण्याची एक निळी चकती. आमच्या जुन्या गॅलरीतून समोरच्या चाळीचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. भाचा माझा हात धरून ओढत होता: "आत्या, ही माझी खोली. फक्त माझी." तो ज्या खोलीत वाढला तिथे रात्री पाच माणसं झोपायची. त्याच्या अंगात मावेना इतका आनंद होता आणि तो मलाही झाला, खरा, भरपूर. त्याच क्षणी घशात मत्सर होता, कडू, तोही खरा. एकाने दुसऱ्याला पुसलं नाही. दोन्ही होते आणि मी भाच्याच्या कपाटाचे सरकते दरवाजे उघडून बघत होते.

जेवणं चालू असताना भाऊ वाढायला आला. त्याला म्हटलं, "घर छान झालंय. आणि मला राग आहे. अजून आहे. नानांचं सगळं केलं आणि मला साधं विचारलंसुद्धा नाही तुम्ही, याचा." आवाज चढला नाही. शेजारी बसलेल्या मामींनी जिलबीवरून नजर उचलली नाही, त्यावरून तो नक्की चढला नव्हता. भाऊ वाकलेलाच राहिला, हातात बासुंदीची वाटी. म्हणाला, "ताई, मला माहितीये. तू गोड बोलायला लागलीस तेव्हापासून मला तुझी भीतीच वाटायची." पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही. त्याने बासुंदी वाढली. चांगली झाली होती, मी परत मागून घेतली.

ब्लॉकमध्ये मला काही मिळालं नाही, मिळणारही नाही. भाऊ बऱ्याच रविवारी आईला भेटायला येतो. कधी मी त्याच्या आवडीचे पोहे करते, नानांच्या गोष्टी निघतात, हसून हसून पुरेवाट होते. कधी सकाळपासूनच दाढा लागलेल्या असतात. त्या रविवारी मी आईला सांगून सामूहिक साधनेला निघते. वेळ त्याच्या यायच्या वेळेशी जुळते, आणि मी ती जुळू देते.